पोच द्या, मग बोलू

वाचकांचे प्रश्न : सोसायटी, सभासद आणि कागदपत्रं

प्रश्न :

ताई, नमस्कार.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही डोंबिवली पूर्वेला फ्लॅट घेतला. रीसेलचा, चौथा मजला, वर थेट गच्ची. बिल्डिंग 1996 ची, दोन विंग, 24 फ्लॅट, लिफ्ट नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बायको घरी शिकवण्या घेते, आई आमच्याजवळ असते. चाळीतून फ्लॅटमध्ये आलो, त्यामुळे पहिले दोन महिने जिने चढताना दम लागला तरी हसूच यायचं.

रजिस्ट्रेशन झालं, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) मिळाला, कर्जाचे हप्ते सुरू झाले. सोसायटीत नाव लावायचं तेवढं राहिलं. एजंट म्हणाला होता, "ते मी बघतो." दलाली हातात पडल्यावर त्याचं बघणं थांबलं. नोव्हेंबरात मी चेअरमन काकांना भेटलो. ते म्हणाले, "कागद व्हॉट्सअ‍ॅप करून ठेव." मी करारनाम्याच्या 42 पानांचे फोटो काढून पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या, पुढे काही नाही. डिसेंबरात स्टेशनरीच्या दुकानातून छापील फॉर्म आणून भरला आणि सेक्रेटरींच्या घरी दिला. ते नव्हते, त्यांच्या सुनेने घेतला. त्यानंतर सेक्रेटरी कधी गावाला, कधी लग्नाला, कधी फोन बंद. मार्चमध्ये चेअरमन जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "नाव लावायचं तर 60,000 देणगी लागते, सगळ्यांनी दिलीय. रोख." पावती मिळेल का विचारलं तर ते नुसते हसले.

दरम्यान जून उजाडला. बेडरूमच्या छताला आधी पिवळा डाग पडला, मग पोपडे सुटले, आणि एका रात्री हातभर गिलावा आईच्या पायाशी पडला. आई थोडक्यात वाचली. आता पाणी ट्यूबलाइटच्या पट्टीतून गळतं, म्हणून त्या खोलीचा एमसीबी आम्ही पाडूनच ठेवतो. खाली जर्मनचं पातेलं आहे. जोराच्या पावसात ते दीड तासात भरतं. आई रात्री उठून ओतते. गच्चीची चावी चेअरमनकडे असते आणि ते घरी नसतात. सोसायटीच्या ग्रुपवर मी गळतीचा व्हिडिओ टाकला, तर त्याखाली दोघांनी हात जोडले आणि तिसऱ्याने लगेच सुविचार टाकला.

मेंटेनन्स 2,350 रुपये. दर महिन्याला खजिनदारांना ऑनलाइन पाठवतो. पावती अजून जुन्या मालकांच्या नावाने येते. बँक सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासद असल्याचा दाखला, मागते आहे. जिन्याखालच्या बोर्डावर वार्षिक सभेची जी शेवटची नोटीस आहे ती 2022 ची. शेजारी कार्यकारिणीची नावं रंगवलेली आहेत, 2018–2023 अशी. त्यातले एक गृहस्थ वारले, असं शेजारच्या काकू सांगतात.

आता मेंटेनन्स बंदच करावा, म्हणजे हे लोक जागे होतील, असं बायकोचं म्हणणं आहे. करू का? 60,000 द्यावेच लागतात का? आणि तक्रार नेमकी करायची कुणाकडे?

(नाव न छापण्याच्या विनंतीवरून)

उत्तर :

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा पातेलं डोळ्यांसमोर आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नजर जिन्याखालच्या बोर्डावर अडकली. बोर्डाकडे मी येते, पण आधी एक कडू गोष्ट सांगते, ती गिळून टाका. तुम्ही नऊ महिने धावपळ केलीत, आणि कागदावर तुम्ही अजून अर्जच केलेला नाही.

रागावू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली 42 पानं आणि सुनेच्या हाती दिलेला फॉर्म, यांपैकी कशाचीच पोच तुमच्याकडे नाही. "मिळालाच नाही" असं उद्या सेक्रेटरी म्हणाले तर तुम्ही काय दाखवणार? निळ्या खुणा? त्या घेऊन भांडता येतं, नाही असं नाही, पण मग भांडण निळ्या खुणांवरच रंगतं आणि फ्लॅट बाजूला राहतो. सहकार कायद्यातल्या बहुतेक मुदती अर्ज संस्थेला मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. तुमच्याकडे ती तारीखच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. जी.डी.सी. अँड ए.ची, म्हणजे सहकार आणि हिशेबांच्या सरकारी पदविकेची, परीक्षा देऊन मी पुढे कितीतरी सोसायट्यांची ऑडिटं केली, पण शिकले ते आमच्या स्वतःच्या सोसायटीत, कल्याणला. मी तिथे सेक्रेटरी होते. 2003 सालची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावर एक नवं जोडपं आलं. आधीच्या मालकाची 11,000 थकबाकी होती आणि कमिटीतल्या सगळ्यांचं म्हणणं, नव्याकडून काढू. त्या मुलाचा अर्ज मी ड्रेसिंग टेबलच्या खणात ठेवला, बांगड्यांच्या डब्याखाली. खोटं कशाला बोलू, पाच महिने ठेवला. तो भेटला की मी "मीटिंग झाली की सांगते" म्हणायचे, आणि मीटिंग होत नव्हती. मग एका रविवारी सकाळी तो दारात आला. हातात त्याच अर्जाची दुसरी प्रत आणि उघडं पेन. "मॅडम, यावर फक्त पोच द्या, मग बोलू." आवाज चढलेला नव्हता. मी सही केली, तारीख घातली, आणि दार लावल्यावर पोटात गोळा आला. त्याच आठवड्यात मीटिंग लागली आणि त्याचं नाव लागलं. थकबाकी आम्ही जुन्या मालकाकडून वसूल केली, त्यात आमचं वर्ष गेलं, आणि ते आमचंच काम होतं.

म्हणून तुम्हीही अर्ज पुन्हा करा, आज पहिल्यांदाच करताय असं समजून. सोबत लागेल ते असं : विकणाऱ्याचा हस्तांतराचा अर्ज, मूळ शेअर सर्टिफिकेट (ते कुठे बँकेत अडकलं असेल तर बँकेचं तसं पत्र), नोंदणीकृत करारनाम्याची प्रत, इंडेक्स टू, तुमचा सभासदत्वाचा अर्ज, प्रवेश फी 100 रुपये, हस्तांतर फी 500 रुपये. पैसे संस्थेच्या नावाच्या चेकने. रोख काहीही नको. चेक वटला तर त्यांनी अर्ज स्वीकारल्याची खूण तुमच्याच पासबुकात उमटते, आणि त्यांनी तो बँकेत भरलाच नाही तरी बिघडत नाही. पानांवर क्रमांक घाला आणि "एकूण पाने इतकी" असं अर्जात लिहा, नाहीतर पुढे "इंडेक्स टू नव्हता" असं ऐकायला मिळतं.

मजकूर एवढाच पुरे :

"प्रति, सचिव, अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित. विषय : सदनिका क्र. अमुकचे हस्तांतर व सभासदत्व. महोदय, वरील सदनिका मी दि. अमुक रोजी नोंदणीकृत करारनाम्याने खरेदी केली आहे. सभासदत्वाचा अर्ज व सोबतची कागदपत्रे सादर करीत आहे. शुल्काचा चेक क्र. अमुक सोबत जोडला आहे. निर्णय कायद्यातील मुदतीत लेखी कळवावा. आपला विश्वासू."

यात "तीव्र निषेध" घालू नका, "मानसिक छळ" घालू नका. ड्रेसिंग टेबलच्या खणात जाणारे अर्ज मी पाहिलेत, सगळ्यात आधी तेच जातात. वाचणाऱ्याला राग येतो आणि रागाचं निमित्त करून तो उत्तर टाळतो.

दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची : सही, तारीख, पूर्ण नाव, पद, जमल्यास संस्थेचा शिक्का आणि आवक क्रमांक. सुनेने घेतला तर सुनेचीही सही चालेल, पण मग एक प्रत पोस्टानेही टाका. पूर्वी आम्ही डोळे मिटून "रजिस्टर ए.डी. करा" सांगायचो. सप्टेंबर 2025 पासून ते स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर पोचपावतीसह पाठवायचं आहे असं सांगा. पत्ता संस्थेच्या नोंदणीकृत कार्यालयाचा. तुमच्या बिल्डिंगमध्ये ते बहुधा जिन्याखालच्या त्या बोर्डाशेजारीच असेल. पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला लगेच टाचून ठेवा, पाकिटात घातली की ती हरवते.

आता इथून घड्याळ चालू. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने तुम्हाला निर्णय कळवला नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 22 प्रमाणे तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. नकार द्यायचा तर तो कारणांसह कळवावा लागतो. आणि अर्ज घ्यायलाच नकार दिला, दार लावून घेतलं, पाकीट परत आलं, तर कलम 23 मध्ये त्याचीही सोय आहे. तोच अर्ज आणि पैसे तुम्ही निबंधकांकडे, म्हणजे तुमच्या भागाच्या उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे द्यायचे. ते 30 दिवसांत संस्थेकडे पाठवतात आणि त्यानंतर 60 दिवसांत संस्थेने काही कळवलं नाही, तरी तुम्ही मानीव सभासद होता. त्यावर वाद झाला तर निर्णयही उपनिबंधकच देतात. मात्र एक सांगून ठेवते. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी शेअर सर्टिफिकेट घरी चालत येत नाही. उपनिबंधकांकडे अर्ज, सुनावणी, तारखा, हे सगळं होतं. तिथे एकच प्रश्न आधी विचारतात, "पोच आहे का?"

60,000 चं उत्तर सोपं आहे. देऊ नका. हस्तांतरावर सोसायटीला प्रीमियम, म्हणजे 500 च्या फीशिवाय वेगळी रक्कम, घेता येते, पण त्याला कमाल मर्यादा आहे. शासनाच्या 9 ऑगस्ट 2001 च्या परिपत्रकाप्रमाणे महानगरपालिका क्षेत्रात ती 25,000 रुपये. तुम्ही महानगरपालिकेच्या हद्दीत आहात, म्हणजे तुम्हाला हीच. तीसुद्धा सर्वसाधारण सभेने दर ठरवला असेल तर, आणि पावती घेऊन. त्याहून जास्त रक्कम देणगी म्हणा, विकास निधी म्हणा, गणपतीची वर्गणी म्हणा, हस्तांतराच्या बदल्यात मागता येत नाही. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, हे स्पष्ट लिहिलं आहे. उपविधींप्रमाणे प्रीमियम खरं तर विकणाऱ्याने भरायचा असतो. व्यवहारात तो घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो किंवा निम्मा-निम्मा होतो. तुमच्या करारनाम्यात काय ठरलंय ते आधी बघून घ्या. बऱ्याच करारात शेवटून तिसऱ्या-चौथ्या पानावर एक ओळ असते आणि ती सहीच्या दिवशी कुणी वाचलेली नसते.

चेअरमनशी यावरून जिन्यात वाद घालू नका. एक वाक्य पुरे : "काका, ठरावाची प्रत आणि पावती द्या, चेक आजच देतो." याच वाक्यावर मी माणसं गप्प होताना पाहिली आहेत. एका सोसायटीत मात्र उलटं झालं. ठराव निघाला, व्यवस्थित 25,000 चा होता आणि जादा मागणारे गृहस्थ स्वतःच खजील झाले. तेव्हा समोरचा चोरच आहे असं धरून बोलू नका.

आता बोर्ड. शेवटची नोटीस 2022 ची, कार्यकारिणी 2018 ते 2023, एक सदस्य दिवंगत. मला यातून जो वास येतो तो असा : समितीची पाच वर्षांची मुदत संपली, पुढची निवडणूक झाली नाही, वार्षिक सभाही झाल्या नसाव्यात. वार्षिक सभा दर वर्षी 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. असं असेल तर तुमचे सेक्रेटरी गावाला जातात त्याचं कारण तुम्ही नसून सही आहे. आपल्या सहीला आता किती किंमत उरली आहे हे त्यांना ठाऊक नसेल, किंवा पुरतं ठाऊक असेल. ऑडिट करताना मला अशा सोसायट्या नेहमी भेटायच्या. तिथे कुणीच उत्तर देत नाही, कारण उत्तर दिलं की ते कोणत्या अधिकाराने दिलं हा प्रश्न येतो. मग सगळे हात जोडायचं चित्र टाकतात.

पण माझा वास म्हणजे पुरावा नाही. खात्री तुम्हालाच करावी लागेल. सभासद असतात तर हे सोपं होतं. कायदा, उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, समिती सदस्यांची यादी, सभांची इतिवृत्तं हे सगळं सभासदाला संस्थेच्या कार्यालयात फुकट पाहता येतं, फी भरून प्रती घेता येतात. कलम 154ब-8 बघा. हे 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी आलेल्या स्वतंत्र प्रकरणात आहे. तुमचं नाव अजून लागलेलं नाही, तेव्हा हे दार तूर्त बंद. पण शेजारी दुसरं आहे. सोसायटीला थेट माहितीचा अधिकार लागू होत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये केरळमधल्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सहकारी संस्थांबद्दल तसं सांगितलं आहे. उपनिबंधकांचं कार्यालय मात्र सरकारी आहे, त्याला तो लागू होतो, आणि तिथे अर्ज करायला सभासद असावं लागत नाही, नागरिक असलं की पुरे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि मोजून तीन गोष्टी मागा : शेवटच्या निवडणुकीचा निकाल, गेल्या तीन वर्षांची संस्थेने दाखल केलेली विवरणपत्रं, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. "आमच्याकडे उपलब्ध नाही" असं आलं तरी ते उत्तर फाइलला लावा. तो कागद पुढे बोलतो.

मुदत खरंच संपलेली निघाली, तर उपनिबंधकांना तिथे प्राधिकृत अधिकारी किंवा प्रशासक नेमता येतो. चेअरमनना हे ऐकवायची घाई करू नका. 24 फ्लॅटची सोसायटी म्हणजे निवडणूक स्वतःच घेता येईल एवढी छोटी, अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या संस्थांना ती मुभा आहे. शेजारच्या काकूंना सगळ्यांचं सगळं माहीत असतं असं दिसतंय. त्यांच्यासारख्या पाच सभासदांच्या सह्या मिळाल्या तर विशेष सभेची मागणी करता येते. एक पंचमांश सभासद लागतात, चोवीसात पाच. सही तुमची चालणार नाही, त्यांची चालेल. चहाला बोलवा. पातेलं दाखवा.

आणि आता पातेल्याबद्दल. गच्ची सोसायटीची. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या छताचं, गिलाव्याचं जे नुकसान होतं त्याची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने, सोसायटीच्या खर्चाने करायची. "तुमच्या घरात गळतंय, तुम्ही बघा" हे उत्तर बाथरूमच्या तुमच्या स्वतःच्या नळाच्या गळतीला लागू पडेल, याला नाही.

पण तक्रार कुणाच्या नावाने? इथे एक युक्ती आहे, आणि ती मला माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कुठे सुचली. सोसायटीच्या वहीत आज सभासद कोण आहे? ज्यांच्या नावाने पावत्या येतात ते जुने मालक. मग त्यांना फोन लावा. गळतीच्या अर्जावर दोघांच्याही सह्या घ्या, त्यांची सभासद म्हणून, तुमची खरेदीदार व कब्जेदार म्हणून. फ्लॅट विकल्यावर माणूस सही द्यायला कंटाळतो, पण "काका, वहीत नाव तुमचंच आहे, उद्या थकबाकीची नोटीस निघाली तर तुमच्याच नावाने निघेल" एवढं प्रेमाने सांगितलं की येतो. हस्तांतराच्या अर्जालाही त्यांची सही लागणारच आहे. एकाच फेरीत दोन्ही उरका.

या अर्जात फोटो लावा : गिलाव्याचा, ट्यूबलाइटच्या पट्टीचा, तारखेसह. मागणी दोन टप्प्यांत करा. आत्ता, पावसातच : गच्ची उघडून पाणी उतरायचा पाइप साफ करणं, आणि तुमच्या खोलीच्या वर ताडपत्री. मी शंभरेक गच्च्या तरी पाहिल्या असतील, त्यातल्या कितीतरी ठिकाणी दोष होता तो पाइपाच्या तोंडाशी अडकलेल्या पिंपळाच्या पानांचा आणि एका चपलेचा. पाणी तुंबतं, तुंबलं की फट शोधतं. कठडा आणि गच्चीची फरशी जिथे मिळते तो कोपरा, गवंडी ज्याला वाटा म्हणतात, तोही फुटलेला असतो. पाऊस उघडल्यावर : वॉटरप्रूफिंग, तीन कोटेशनं मागवून. भर पावसात कुणी येऊन केमिकल मारून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ओल्या कोब्यावर काहीही टिकत नाही. अर्जात आणखी एक ओळ घाला : शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालाची प्रत मिळावी. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी ते करायचं असतं. तुमची 1996 ची. गिलावा हातभर पडला म्हणजे आतल्या सळ्या गंजल्यात का, हे इंजिनिअरने बघायलाच हवं. आईचा बिछाना त्या खोलीतून आजच हलवा. एमसीबी पाडून ठेवता ते शहाणपणाचं आहे, तसाच ठेवा.

पैसे कुठून आणणार, असं ते विचारतील. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी, बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का जमा व्हायला हवा. तुमच्या 2,350 मध्ये हे दोन मथळे आहेत का ते पावतीवर पाहा. नसतील तर सोसायटीने वर्षानुवर्षं नुसता पाणी-लाइट-झाडूचा खर्च वाटून घेतला आहे आणि तिजोरीत खडखडाट आहे. मग चेअरमनची 60,000 ची हसरी मागणी कुठून आली तेही कळतं. समर्थन करत नाही, कळतं म्हणाले.

मेंटेनन्स बंद करू नका. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की तिचा राग मला पटतो, उपाय नाही. पैसे थांबले की थकबाकीदार तुम्ही, आणि तुमच्या प्रत्येक अर्जाला एकच उत्तर, "आधी थकबाकी भरा." थकबाकीवर उपविधींप्रमाणे व्याज चढतं, आणि ती वसूल करायला सोसायटीला उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळू शकतो. गळतीसाठी जी समिती तीन वर्षं जागी झाली नाही, ती वसुलीसाठी आठवड्यात जागी होते. मी पाहिलंय. दुरुस्तीचा खर्च परस्पर मेंटेनन्समधून कापूही नका. पैसे पाठवताना मात्र खजिनदारांच्या खात्यात न पाठवता संस्थेच्या बँक खात्यात पाठवा. तुम्ही "खजिनदारांना" असं लिहिलंय, तिथे मला ठेच लागली. त्यांचं स्वतःचं खातं असेल तर संस्थेच्या खात्याचा क्रमांक लेखी मागा आणि आजवरच्या नऊ पावत्या सांभाळा.

तक्रार कुणाकडे, हे आता थोडक्यात. सभासदत्व, जादा प्रीमियम, शेअर सर्टिफिकेट, सभा न घेणं, निवडणूक न घेणं : उपनिबंधक. गळती आणि दुरुस्तीचा वाद : आधी समितीकडे लेखी, मग सहकार न्यायालय. गळतीचं प्रकरण घेऊन उपनिबंधकांकडे गेलात तर बहुतेकदा सहकार न्यायालयाकडेच बोट दाखवतात आणि तुमची एक रजा फुकट जाते. न्यायालयाला वेळ लागतो, वकील लागतो. तुमच्या जागी मी असते तर आधी नाव लावून घेतलं असतं, पाच सह्या जमवल्या असत्या, आणि न्यायालयाचा विचार दिवाळीनंतर केला असता. कुठल्याही कार्यालयात जाताना एक सांभाळा : फ्लॅटची नोंदणी झाली ते दुय्यम निबंधक आणि सोसायट्यांचे ते उपनिबंधक. चुकीच्या रांगेत उभी राहिलेली माणसं मी रोज पाहिली आहेत, त्यात एकदा एक वकीलही होते.

प्रश्न :

आमची इमारत पुण्यात कोथरूडला आहे. सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. शेअर सर्टिफिकेट मिळालं नाही आणि असोसिएशनचे लोक मेंटेनन्स फ्लॅटच्या आकाराप्रमाणे लावतात. माझा मोठा आहे, म्हणून मला जास्त. तक्रारीला उत्तर देत नाहीत.

उत्तर :

शेअर सर्टिफिकेट मिळालं नाही, कारण तुमच्याकडे ते नसतंच. तुमची इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम 1970 खालची आहे. तुम्ही अपार्टमेंटचे थेट मालक, आणि जमीन, जिना, गच्ची यांत तुमचा अविभाज्य हिस्सा टक्क्यांत ठरलेला. सामाईक खर्च त्याच टक्क्यांप्रमाणे वाटायचा असतो. सोसायटीत वॉचमन, झाडू, सामाईक वीज हा खर्च लहान-मोठ्या सगळ्यांना सारखा, इथे तसं नाही. तेव्हा मोठ्या घराला जास्त लावलं म्हणून चूक झाली असं नाही. चूक आकड्यात असू शकते. ते टक्के घोषणापत्रात, म्हणजे डिक्लरेशनमध्ये लिहिलेले असतात, आणि असोसिएशनचे उपविधीही त्यालाच जोडलेले असतात. असोसिएशन प्रत देत नसेल तर त्यांच्या मागे लागू नका. घोषणापत्र नोंदवलेलं असतं. ज्या दुय्यम निबंधकांकडे नोंदलं तिथून फी भरून नक्कल काढा. त्यातला तुमचा टक्का वार्षिक खर्चाला लावा आणि बिलाशी ताडून पाहा. फरक निघाला तर तो आकडा लिहून अर्ज करा, दोन प्रतींत.